उठलं की सुटलं

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी असा ठासून भरला होता, की पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यातसुद्धा याहून जास्त वारा खेळत असेल. पुढच्या खुर्च्यांवर चट्टेवाले, मागच्या खुर्च्यांवर खाजवाले, आणि भिंतीला टेकून उभे होते ते, ज्यांना काहीच झालेलं नसतं पण गर्दी दिसली की पाय आपोआप वळतात. सगळ्यांच्या माना टेबलाकडे. टेबलावर काचेचे दोन वाडगे. एका वाडग्यात काहीतरी सडलेलं, वर हिरवीकाळी दाढी उगवलेली. दुसऱ्यात पांढरीशुभ्र क्रीम, आत्ता घुसळून काढल्यासारखी.

आणि वाडग्यांच्या मागे हातगुणवाले साहेब. पांढरा कोट, पांढरे बूट, आणि चेहरा असा तुकतुकीत की माशी बसली तर घसरून पडेल.

"बघा! डोळे भरून बघा!" ते म्हणाले. "दोन्ही वाडगे एकाच दिवशी भरलेत. ही बाजारातली क्रीम. कंपनीनं ती टिकावी म्हणून नाही नाही ती रसायनं कोंबली. काय झालं? सडली! आणि ही माझी. हिच्यात टिकवायला काय घातलंय? काही नाही! शून्य! फक्त हे!"

असं म्हणून त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. शेजारी माईक घेऊन उभी असलेली बाई धापा टाकत म्हणाली, "साहेबांचा हातगुण!"

हॉलभर "आहाहा" झालं. बोटच ते. माझ्या घरातल्या प्रत्येकाला दहा-दहा आहेत, अजून कुणी आहाहा केलेलं नाही.

"या बोटात काय आहे मला माहीत नाही," साहेब डोळे मिटून म्हणाले. माहीत नाही हे मात्र खरं बोलले. "पण हे बोट गटाराच्या पाण्याला लागलं, तर ते पाणीसुद्धा महिनाभर नासणार नाही!"

"मग गटाराकाठीच बसा की, गावाचं भलं होईल," मी म्हटलं. हळूच म्हटलं होतं, पण माझं हळू जरा मोठं असतं. पुढच्या दोन ओळी वळून बघायला लागल्या. माझ्या सुनेनं मला कोपर मारलं.

"आई, इथे तरी गप्प बसा ना!"

गप्प बसले. पण नाक गप्प बसेना. त्या सडलेल्या वाडग्यातून एक आंबूस वास येत होता, आणि तो माझ्या ओळखीचा होता. अगदी घरातल्या माणसासारखा ओळखीचा.

"अगं, ही क्रीम नाही," मी सुनेच्या कानात म्हटलं. "ही खळ आहे. नासलेली खळ."

"तुम्हाला सगळीकडे खळच दिसते," ती म्हणाली.

दिसणारच. आमचा खोकी करायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली एक लांबट खोली, तिच्यात पुठ्ठा कापायचं यंत्र, चार टेबलं, आणि कोपऱ्यात शेगडीवर पत्र्याचं पातेलं. पुठ्ठ्यावर रंगीत कागद चढवायला आम्ही अजून घरचीच खळ वापरतो. पीठ आणि पाणी, मंद आचेवर, गुठळी होऊ न देता. मी शाळेत दुसरीच्या पुढे गेले नाही, पण खळीचं माझं शिक्षण पार पदवीपर्यंत झालंय. खळ नुसती ठेवली की तिसऱ्या दिवशी आंबते आणि मग तिला दाढीमिशा फुटतात. म्हणून तिच्यात राखण घालायची. राखण हा आमच्या कारखान्यातला शब्द. माझे सासरे मोरचूद घालायचे, तेव्हापासून चालत आलेला. हल्ली मोरचूद गेला, एक छोटी बाटली आली. चार थेंब टाकले की खळ बसते आपली मुकाट. बाटलीवरचं नाव एवढं लांब आहे की म्हणेपर्यंत खळ वाळेल. आम्ही म्हणतो राखणच.

तर सून. माझी सून ही कामाला वाघीण. खळ कालवायची तर पळी नको, उलथणं नको, थेट हात घालायची कोपरापर्यंत. म्हणायची, गुठळी हाताला कळते, पळीला नाही कळत. मला तेव्हा तिचं कौतुकच वाटायचं. मग तिच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. खाजेचे झाले चट्टे. चट्ट्यांना लावायला तिनं एक क्रीम आणली, त्यानं वाढले. दुसरी आणली, त्यानं आणखी वाढले. बाळंतपणानंतर तर कहरच. ओले पुसायचे कागद मिळतात ना, बाळाचं ढुंगण पुसायचे, ते रोज वापरायला लागली आणि हात भाजल्यासारखे लाल झाले. त्याच हातांनी डोळे चोळायची, तर पापण्यांवर उठलं. पापण्यांची कातडी ती केवढीशी, कांद्याच्या सालीएवढी. सकाळी उठली की डोळे सुजून पुऱ्या. बिचारी बोटांनी पापण्या उघडून बाळाला बघायची.

अशा माणसाला हातगुणवाला सापडणार नाही तर कोण सापडणार? साहेबांनी तिला डबी दिली. दोनच दिवसांत तोंड सगळं लाल. तिनं जाऊन दाखवलं, तर साहेबांना आनंद मावेना. सगळ्या हॉलसमोर तिला उभी केली आणि म्हणाले, "बघा, उठायला लागलं! आतला मळ वर उठतोय! आणि उठलं की?"

"सुटलं!" सगळा हॉल ओरडला.

हे त्यांचं घोषवाक्य. उठलं की सुटलं. डब्यांच्या खोक्यांवर छापलंय. मला पाठ आहे, कारण ती खोकी आमच्याकडेच होतात. ते काम माझ्या मुलानं आणलं. माझा मुलगा म्हणजे गोगलगाय. कुणी जोरात शिंकलं तरी शिंगं आत. साहेबांनी पाठीवर हात ठेवला, "तुम्ही आमच्या परिवारातले," म्हणाले, झालं. बायकोचं तोंड टोमॅटोसारखं झालंय आणि हा तिला म्हणतो, "साहेब म्हणतायत तर निघत असेल मळ."

"मळ?" मी म्हटलं. "दिवसातून दोनदा अंघोळ करणारी बाई ती. मळ शोधायचाच तर तुझ्या डोक्यात शोध."

पण मी बोलले की सुनेचं ठरलेलं: सासू आहे, बोलणारच. आमच्या घरात माझ्या विरोधाचा एकच उपयोग होतो. ज्याला मी विरोध करते ते हमखास पार पडतं.

त्या दिवशी वाडग्यांचा तमाशा संपल्यावर साहेबांनी सुनेला जवळ बोलावलं. बाळ तिच्या कडेवर होतं. बाळाच्या गालांवर दोन खरखरीत ठिपके होते, लहान मुलांना असतात तसे. साहेबांनी ते बघून मान डोलावली, जसं काही ठिपके त्यांनीच काढलेत.

"तुमचा मळ दुधातून याच्यात उतरलाय, ताई. पुढच्या बैठकीला आणा. माझ्या हातानं सगळ्या चेहऱ्याला लावतो. उठेल, रडेल, पण सुटेल."

मोठ्या बाईचं ते तसं झालं, या चिमुरड्याच्या तोंडाचं काय होईल?

घरी आल्यावर मी सुनेसमोर बसले. भांडले नाही. भांडून उपयोग नसतो हे कळायला मला सासू व्हावं लागलं.

"कातडीच्या डॉक्टरकडे चल," म्हटलं. "एकदाच. तुझे साहेब खरे असतील तर डॉक्टरच्या थोबाडात बसेल, मी खोटी पडेन. दोन्ही तुला आवडण्यासारखं आहे."

ती हसली. सुजलेल्या डोळ्यांनी हसली, पण हसली. आणि आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "तुमचे हात दिवसभर कशाकशात असतात?" चेहरा सुजलाय आणि ह्या हात विचारतायत! मला बाई आवडली. त्या म्हणाल्या, घरात कातडीला लागतं ते सगळं घेऊन या. साबण, शाम्पू, ओले कागद, क्रिमा, कारखान्यातलं जे असेल ते. पाठीवर प्रत्येकाचा थेंब पट्टीखाली ठेवून देते, शिवाय माझ्याकडचे ठरावीक नमुनेही ठेवते. ज्याच्यावर कातडी बिघडेल, तो चोर.

सुनेनं पिशवी भरली. सगळं घेतलं, फक्त साहेबांची डबी नाही.

"ती राहिली," मी म्हटलं.

"तिच्यात काही नाहीच, तर काय तपासणार?"

"काही नाही ना? मग काही होणारही नाही. घे तर खरी. भीती कुणाला वाटते, तुला की साहेबांच्या बोटाला?"

चिडून तिनं डबी पिशवीत टाकली. मी बरोबर राखणीची बाटलीही टाकली.

पट्ट्या लावून सून चार-पाच दिवस उताणी झोपली नाही. मग डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली, आणि मलाही दाखवली. सगळ्या पाठीवर स्वच्छ, नितळ कातडी, आणि चार जागी लालभडक पाणी धरलेल्या पुळ्या. ओला कागद, तिची आधीची क्रीम, डॉक्टरीणबाईंच्या नमुन्यांतला एक, आणि साहेबांची डबी.

राखणीची बाटली जहाल म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाठीला लावलीच नव्हती, ती आता उचलली आणि वरचं लांबलचक नाव वाचलं. "उठलेला माझा नमुना हाच आहे," त्या म्हणाल्या. "क्रीम, शाम्पू, ओले कागद, पाण्याचे रंग, डिंक. ज्याच्यात पाणी आहे त्याच्यात जंतू होतात. ते होऊ नयेत म्हणून असं काहीतरी घालावंच लागतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण तुमची सून वर्षानुवर्षं उघडे हात यात घालत आली. तिच्या कातडीनं याच्याशी कायमचं वाकडं घेतलंय. आता थेंबभर जरी लागला, तरी ती उठणार."

"म्हणजे डबीत हीच राखण?"

"डबीत काय आहे ते डबीवर छापलेलं नाही, त्यामुळे मी शपथ घेणार नाही. पण तिची कातडी खोटं बोलत नाहीये."

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! सून पाठीला सदरा ओढत म्हणाली, "साहेब म्हणालेच होते. पाठीतूनसुद्धा उठायला लागलं."

काय वाक्य काढलंय बघा त्या माणसानं! बरं झालं तर हातगुण. बिघडलं तर उठतंय. मेलं तर कायमचं सुटलं. हरायची सोयच ठेवलेली नाही. मला तेव्हाच कळलं की या माणसाला कातडीवर गाठून चालणार नाही, कातडी काय म्हणते ते तो आपल्या सोयीनं सांगतो. याला गाठायचा तर अशा ठिकाणी, जिथे उठणं आणि सुटणं दोन्ही सगळ्यांना दिसतं. पातेल्यात.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी स्वतः खळ शिजवली. राखण न घालता. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"आई, कशाला?"

"तुझ्या साहेबांना भेट."

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, मिटलं. शिंगं आत. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

हॉल पुन्हा तसाच भरलेला. पुढे खुर्चीवर सून, मांडीवर बाळ. साहेबांनी डबीत बोट बुडवलं, पांढरा गोळा घेतला आणि बाळाच्या गालाकडे नेला. बाळ त्यांच्या चकचकीत बटणाकडे बघून हसत होतं.

"थांबा," मी म्हटलं. यावेळी हळू म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

माईकवाली धावली. "आजी, मध्ये बोलायचं नसतं!"

"तू बाजूला हो, तुझ्या हातात भोंगा आहे, माझ्या गळ्यात आहे." मी पातेलं टेबलावर आदळलं आणि दोन रिकामे वाडगे काढले. "साहेब, नातू माझा आहे. मी काही नाही म्हणत नाही. तुमचा हातगुण एकदा डोळ्यांनी बघते आणि मग बाळाला मी स्वतः लावते. बाळालाच काय, माझ्या थोबाडालाही लावते."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले. हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"ही साधी पिठाची खळ, एकाच पातेल्यातली. दोन वाडग्यांत घेते. या वाडग्यात आमच्या कारखान्यातल्या राखणीचे चार थेंब टाकते, आणि माझं बोट बुडवते. हे बघा, बुडवलं. या हातानं मी सकाळपासून पुठ्ठा उचललाय, त्यात पुण्य शोधूनही सापडायचं नाही. आणि या दुसऱ्यात तुम्ही तुमचं बोट बुडवा. थेंब नाहीत, काही नाही. शून्य. फक्त हातगुण."

"माझा स्पर्श भावनेनं केलेल्या वस्तूवरच चालतो, आजी," साहेब म्हणाले. "ही खळ..."

"गटारात कुणाची भावना असते, साहेब?" मागून एक म्हातारा ओरडला. "त्या दिवशी म्हणालात, गटाराचं पाणीसुद्धा नासणार नाही!"

"म्हणालात, म्हणालात," असं दहा जण म्हणाले. भक्तांचा हा एक उपयोग असतो, त्यांना साहेबांचं बोलणं पाठ असतं.

साहेबांनी बोट बुडवलं. चांगलं खोल, मधोमध, तोंडानं काहीतरी पुटपुटत. बाहेर काढलं तेव्हा खळीत बोटाच्या आकाराचं भोक राहिलं. दोन्ही वाडगे हॉलमधल्याच काचेच्या कपाटात ठेवले आणि किल्ली मी घेतली नाही, दिली खालच्या दुकानाच्या फर्निचरवालीला. ती साहेबांची पट्टशिष्या, तिच्या नाकावरच्या वांगासाठी रोज डबी चोपडते. माझ्याकडून काही गडबड झाली असं म्हणायला जागाच नको.

"आठवडाभर थांबशील?" मी सुनेला विचारलं. "बाळासाठी?"

तिनं बाळाकडे बघितलं. "थांबते," म्हणाली. "पण मग तुम्ही लावणार. तोंडाला. सगळ्यांसमोर."

"वचन."

त्या आठवड्यात मला झोप आली नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. खळीवर माझा भरवसा होता. पण माणसांवर? माणसं खळीपेक्षा लवकर नासतात, आणि त्यांच्यासाठी बाटली मिळत नाही.

पुढच्या बैठकीला जिन्यावरसुद्धा माणसं. फर्निचरवालीनं कपाट उघडलं, आणि पहिली तीच चार पावलं मागे सरकली. वास असा सुटला की पुढच्या ओळीनं रुमाल काढले.

माझा वाडगा: पांढरा, घट्ट, बोटाचा ठसा जसाच्या तसा.

साहेबांचा वाडगा: पिवळट पाणी सुटलेलं, वर फेस, आणि बरोबर मधोमध, जिथे साहेबांनी बोट खुपसलं होतं त्या भोकात, हिरवीगार झुबकेदार बुरशी. बाकी कडेला थोडीफार, पण बोटाच्या जागी नुसती बाग फुललेली. ज्यानं बी पेरलं त्याचंच पीक!

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं होतं आता बाबा पळणार. पण लबाडाची जात अशी सहज मरत नाही. त्यांनी हात जोडले, आणि चेहऱ्यावर असं काही हसू आणलं की मीसुद्धा क्षणभर बघत राहिले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "आजींचा वाडगा मेलाय! रसायनानं त्याच्यातला जीव घेतला. आणि माझा? माझा जिवंत आहे! उगवतोय! वाढतोय! हाच हातगुण!"

आणि काय सांगू, अर्ध्या माना डोलल्या! फर्निचरवाली तर रुमालाआडून म्हणाली, "खरंच की, जिवंत आहे!" माझ्या सुनेनं माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात बाळ. साहेबांचं बोट पुन्हा डबीकडे निघालेलं.

मी टेबलाजवळ गेले, त्यांच्या हाताखालची डबी उचलली आणि उघडी करून सगळ्यांसमोर धरली.

"ठीक," म्हटलं. "जीव असला की बुरशी येते. मान्य. मग तुमच्या डबीत जीव का नाही उगवत? ही उघडी आहे महिनाभर, रोज दहा जणांची बोटं बुडतात. माझ्या वाडग्यासारखीच पांढरी कशी? माझा वाडगा रसायनानं मेला, तर तुमची डबी कशानं मेली?"

साहेब डबी हिसकावायला पुढे झाले.

उत्तर आलं ते मागून. जिन्याच्या दारापासून. आवाज एवढा बारीक की मी ओळखलाच नाही.

"मागच्या खोलीत निळी पिंपं आहेत."

माझा मुलगा. कान लाल. पण उभा होता.

"मी खोकी पोचवायला येतो तेव्हा बघितलीत. कारखान्यातून भरून येते ती क्रीम, साधी, हातापायाला लावायची. इथे पळीनं डब्यांत भरतात. पिंपावर छापलंय काय काय आहे ते. आमच्या राखणीच्या बाटलीवर जे लांब नाव आहे, तेच तिथेही आहे. मी वाचलंय. आणि तो पहिला वाडगा, सडलेली बाजारची क्रीम, ती क्रीम नाही. ती आमचीच खळ. यांनी लेबलं चिकटवायला म्हणून डबाभर मागितली होती. म्हणाले, राखण घालू नका, शुद्ध द्या. मी दिली."

"आणि बोलला नाहीस?" सून म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"वाटलं, लेबलांसाठीच असेल. मग वाटलं, साहेब म्हणतायत तर..." त्यानं बाळाकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. "चुकलं."

मागच्या बैठकीत गटारावरून ओरडलेला तो म्हातारा मागच्या खोलीच्या दाराकडे गेला. माईकवाली आडवी आली, पण भोंगा पडला आणि कुईं करून ओरडला, आणि दार उघडलं. आत निळी पिंपं, रांगेनं. एकावर पळी, तशीच चिकट. साहेब "हा कच्चा माल आहे, अजून स्पर्श व्हायचाय," असं काहीसं बोलत होते, पण आता ऐकणारे तिकडे गेले होते.

सुनेनं मात्र तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं आपल्या पिशवीतली डबी काढली, साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "माझ्या डोळ्यांवर उठत होतं तेव्हा तुम्हाला माहीत होतं, तुम्ही काय लावताय ते?"

"ताई, श्रद्धा ठेवा. उठलं की..."

सून बाळाला छातीशी घेऊन खुर्चीवरून उठली.

"उठले," ती म्हणाली. "सुटले."

आणि जिन्याकडे चालायला लागली. तिच्यामागे एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग सगळ्या हॉलभर खुर्च्यांचा खरखराट. एवढा आनंद मला पुठ्ठा कापणाऱ्या नव्या यंत्राच्या आवाजानंही झाला नव्हता.

सगळेच सुधारले, असं खोटं मी सांगणार नाही. फर्निचरवालीनं त्या दिवशीही जाताना एक डबी उचलली, म्हणाली, मला तर गुण येतोय. येईना का. साधी क्रीमच ती, ज्यांना चालते त्यांना चालते. त्यासाठी बोटाची पूजा करायला नको, एवढंच मी म्हणते. साहेबांनी हॉल सोडला. कुठे गेले माहीत नाही. पण जिथे असतील तिथे पिंपं असतील, आणि टाळ्या वाजवायला आपल्यासारखी माणसंही असतील.

आता कान उघडे ठेवून ऐका, कारण मी दोनदा सांगत नाही.

राखण वाईट नाही. पाणी घातलेली क्रीम राखणीशिवाय ठेवाल, तर साहेबांच्या वाडग्यातली बाग तोंडाला चोपडाल. म्हणून जो छाती ठोकून म्हणतो की माझ्या क्रिमेत पाणी आहे, राखण नाही आणि तरी ती वर्षभर नासत नाही, तो एक तर खोटं बोलतो, नाहीतर त्याला स्वतःलाच माहीत नाही. पण कुणाकुणाची कातडी एखाद्या राखणीशी जमवून घेत नाही, म्हणजे नाही. त्यात मळ नाही, पाप नाही, कुणाची नजर नाही. कातडी सांगते: हे मला नको. तिचं ऐका. ते थांबवा, डॉक्टरकडे जा, पट्ट्या लावून नेमका चोर शोधा, आणि मग काहीही विकत घेताना डबीवर मागे बारीक अक्षरांत ते नाव आहे का बघा. मला वाचता येत नाही एवढं बारीक, तर मी दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावते. आणि ज्या डबीवर काहीच छापलेलं नाही, ती दुकानातच राहू द्या.

माझी सून आता हातमोजे घालून खळ कालवते, तेही पळीनं. तोंडाला डॉक्टरीणबाईंनी दिलेलं साधं तेलकट मलम लावते, ज्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून राखणही नाही. बाळालाही तेच. त्याचे ठिपके कधी गेले कळलंसुद्धा नाही. तिच्या पापण्या बसायला मात्र बरेच आठवडे लागले. चमत्कार नव्हता ना, वेळ लागणारच.

काल कारखान्यात मी जुन्या सवयीनं उघडा हात पातेल्यात घालायला गेले, तर ती ओरडली, "आई! हातमोजे!"

"मला काही होत नाही गं."

"मलाही होत नव्हतं," ती म्हणाली, आणि मोजे माझ्या अंगावर फेकले.

घातले. सून आहे, बोलणारच. पण खरं बोलली.